दुधांतलें प्रथिन जातें कोठें ?

आपल्या गोठ्यांतून निघालेलें दूध संकलन-केंद्रावर मापून दिलें, चिठ्ठी खिशांत घातली, कीं त्या दुधाशीं आपला संबंध संपला अशी आपणांपैकीं बहुतेकांची समजूत असते. चिठ्ठीवर दुधाचें माप असतें, फॅट म्हणजे स्निग्धांशाचा आंकडा असतो, आणि ‘एस्. एन्. एफ्.’ म्हणून स्निग्धेतर घन पदार्थांचा आंकडा असतो. ह्यांवर भाव ठरतो. शहरांतलें गिऱ्हाईक आज ज्या द्रव्यासाठीं चढे दाम मोजूं लागलें आहे, त्या प्रथिनाचा मात्र त्या चिठ्ठीवर निराळा भाव नसतो. दूध विकणाऱ्यास तें किती गेलें हें कळत नाहीं. आणि घरीं दूधदुभतें करणाऱ्यास तें कोणत्या पातेल्यांतून कोठें वाहून गेलें हेंहि बहुधा ठाऊक नसतें. प्रस्तुत लेखांत त्याचाच माग काढावयाचा आहे.

माग काढावयाचा तर जेथें माल खपतो तेथून उलट येणें सोयीचें. म्हणून मुंबईच्या गिरगांवांतील खोताची वाडी हें ठिकाण घेतलें आहे. खोत हा शब्द कोंकणांतील वाचकांस नवा नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभु गृहस्थाकडे होती. त्यानें तिचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस विकले, आणि लांकडी जिने व सज्जे असलेलीं टुमदार घरें तेथें उभीं राहिलीं. त्यांतलीं कांहीं अद्याप उभीं आहेत, पुष्कळ पडलीं. आजूबाजूस फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी अशीं नांवें ऐकूं येतात; म्हणजे हा सारा भाग एके काळीं बागाइताचा होता हें निराळें सांगावयास नको. आज तेथें जमिनीचा एक वाफा दिसावयाचा नाहीं. परंतु वाडींतून बाहेर पडून पांच-पंधरा मिनिटें चालावें, तों दुधाचा झाडून सारा परिवार विकावयास मांडलेला दिसतो. पिशवींतलें दूध, मडक्यांतलें दहीं, मसाल्याचें ताक, चक्का, श्रीखंड, गिरगांवकरांचें आवडतें पियुष, वड्या पाडलेला खरवस, खवा, पेढे, पनीर, लोणी, तूप हें सर्व तर आहेच. शिवाय प्रिन्सेस स्ट्रीटवर १९१६ सालापासून पारशी डेअरीचें दुकान आहे. ईस्ट इंडियन घरांतून हातानें केलेलें खारें चीज वांद्र्याच्या नांवानें ओळखलें जातें, आणि पारशी मंडळींत लहान टोपल्यांत थिजविलेलें लुसलुशीत पनीर मेजवानीस लागतें. त्याच पेठेंत औषधांच्या दुकानांतून निवळीच्या प्रथिनाचे मोठाले डबे तालीमबाज तरुणांसाठीं रचून ठेवलेले असतात. ह्या डब्यांकडे पुढें यावयाचें आहे.

ह्या वस्तीला दूध पूर्वीं जवळच्याच तबेल्यांतून मिळे. शहराच्या पोटांत म्हशी बांधल्या जात, आटल्या म्हणजे खाटकाकडे जात, आणि दुधांत पाणी किती हें गवळीच जाणे. ही व्यवस्था मोडावी म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत सरकारनें मुंबईची दूध-योजना हातीं घेतली, आणंदकडील दूध आगगाडीनें मुंबईस येऊं लागलें, व १९४९ सालीं गोरेगांवास आरे येथें म्हशींची वसाहत वसविण्यांत आली. १९४६ मध्यें आणंदास शेतकऱ्यांचा सहकारी संघ निघाला. पुढें १९६३ सालीं आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्याचा संघ निघाला, ज्याचें दूध आज ‘गोकुळ’ ह्या नांवानें मुंबईच्या घरोघर जातें. म्हणजे खोताच्या वाडींतला दुधाचा पेला आज करवीर-कागलच्या गोठ्यापर्यंत पोंचतो. हा पल्ला लांबला, आणि दूध देणारा व दूध पिणारा ह्यांच्यामध्यें इतकीं मापें व यंत्रें आलीं कीं दुधांत काय आहे ह्याची चर्चा दोघांच्याहि हातून सुटली.

१९४६ च्याच सुमारास मुंबईंत दारा खुरोडी ह्यांनीं एक युक्ति काढली, तिचा येथें उल्लेख केलाच पाहिजे. म्हशीचें दूध घट्ट व महाग. गरिबाला परवडत नाहीं. त्यांनीं त्यांत लोणी काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी मिसळून स्निग्धांश शेंकडा तीनवर आणला, आणि त्या दुधाला ‘टोन्ड’ दूध असें नांव पडलें. ‘सरकारच पाणी घालतें’ अशी थट्टा ह्या दुधाची पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. पण हिशेब पाहिला तर थट्टा फोल आहे. नुसतें पाणी घातलें असतें तर स्निग्धांशाबरोबर बाकीचेंहि सर्व पातळ झालें असतें. भुकटी घातल्यामुळें स्निग्धेतर घन पदार्थ शेंकडा साडेआठ कायम राहिले, म्हणजेच प्रथिन जागच्या जागीं राहिलें. कमी झालें तें तूप. मुलाला दूध पाजणाऱ्या आईच्या दृष्टीनें हा सौदा वाईट नव्हे.

आतां हें प्रथिन म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. आपल्या अंगाचें मांस, रक्त, कातडी, केस हीं ज्या नत्रयुक्त द्रव्यापासून घडतात तें प्रथिन. प्रौढ माणसाला आपल्या वजनाच्या दर किलोस दररोज सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतें असें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलें आहे. ६५ किलो वजनाच्या पुरुषास तें ५४ ग्रॅम होतें. गाईच्या शंभर ग्रॅम दुधांत तें ३.२ ग्रॅमच्या आसपास असतें. म्हशीच्या दुधासंबंधानें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत ४.३ हा आंकडा आहे, २०१७ सालच्या नव्या कोष्टकांत तो ३.७ च्या जवळ आहे, आपण ३.७ धरून चालूं, म्हणजे हिशेबांत फुशारकी यावयाची नाहीं. ह्या प्रथिनाचे दोन भाग असतात. पांचांतले चार भाग केसीन. आंबटानें किंवा रेनेटानें गोठतें तें हें. उरलेला पांचवा भाग निवळींतलें प्रथिन. तें कच्च्या दुधांत आंबटानें गोठत नाहीं, पण दूध चांगलें तापविलें कीं तें केसीनला चिकटून बसतें. ही एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवली तर पुढील सर्व प्रकार आपोआप उलगडतात.

दुधाच्या पदार्थांत प्रथिन नव्यानें उत्पन्न होत नाहीं. पाणी उडालें कीं तें दाटतें, साखर पडली कीं विरळ होतें, आणि लोणी काढलें तरी तें हलत नाहीं. दहीं घ्या : गाईच्या दह्यांत शेंकडा ३.१, म्हणजे दुधाइतकेंच. दूध ज्यांना सोसत नाहीं अशा पुष्कळांना दहीं सोसतें, कारण विरजणाचे जंतु दुधांतली कांहीं साखर खातात; परंतु दह्यानें अंग अधिक भरतें ही समजूत प्रथिनापुरती तरी खरी नाहीं. खव्यांत पाण्याखेरीज कांहींच जात नाहीं, म्हणून म्हशीच्या खव्यांत प्रथिन शेंकडा १४ ते १८ असतें आणि गाईच्या खव्यांत २० पर्यंत जातें. गाईचा खवा ह्या बाबतींत सरस असूनहि हलवाई म्हशीचाच मागतो, कारण त्यांत स्निग्धांश जास्त असल्यामुळें तो मऊ व रवाळ होतो, आणि गाईचा कोरडा व चिवट होतो. धाराशिव जिल्ह्यांतील भूम भागांत खव्याच्या भट्ट्यांवर पुष्कळ कुटुंबें पोसतात. तेथील खवा शहरांत जाऊन पेढा झाला कीं त्यांत साखर मिसळून प्रथिनाचें प्रमाण पुन्हां खालीं उतरतें.

श्रीखंडाची गोष्ट ह्याहून मौजेची आहे. दहीं फडक्यांत बांधून टांगलें कीं पाणी गळून चक्का राहतो. कायद्यानें चक्क्यांत निदान शेंकडा ३० घन पदार्थ व त्या घन पदार्थांत निदान ३० टक्के प्रथिन असावें लागतें. म्हणजे शंभर ग्रॅम चक्क्यांत ९ ग्रॅम तरी प्रथिन हवें. दूध तापवून विरजलेलें असल्यानें निवळींतलें प्रथिनहि बहुतेक फडक्यांतच राहतें. इथवर चक्का हा उत्तम पदार्थ होय. मग त्यांत साखर पडते. श्रीखंडाला कायद्याची अट शेंकडा ५८ घन पदार्थांची व त्यांत ९ टक्के प्रथिनाची. गुणाकार केला तर शंभर ग्रॅम श्रीखंडांत प्रथिन अवघें सव्वापांच ग्रॅम भरतें, आणि साखर चाळीस ग्रॅमच्या पलीकडे जाऊं शकते. इतकें प्रथिन गाईच्या पावणेदोनशें ग्रॅम दुधांत सहज मिळतें. पाडव्याला श्रीखंड खाऊं नये असें सांगण्याचा आमचा बेत मुळींच नाहीं. पण ‘दह्याचें म्हणून पौष्टिक’ ह्या सबबीवर वाटीवर वाटी रिचविणाऱ्यानें तें सण म्हणून खावें, औषध म्हणून नव्हे. चक्का करून विकणाऱ्या शेतकऱ्यास मात्र ह्यांतून एक धडा आहे : शहरांत बिनसाखरेच्या घट्ट दह्याला ‘ग्रीक’ हें परदेशी नांव देऊन तें लहान डब्यांतून चढ्या दरानें विकलें जातें, आणि तें घट्ट दहीं आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे.

गिरगांवांत बारमहा मिळणारा खरवस हाहि असाच गैरसमजाचा विषय. व्यालेल्या गाईच्या पहिल्या धारेच्या चिकांत प्रथिन शेंकडा १४ च्या आसपास असतें. दुसऱ्या-तिसऱ्या धारेस तें झपाट्यानें उतरतें आणि चार-पांच दिवसांत नेहमींच्या दुधावर येतें. हें जास्तीचें प्रथिन मुख्यत्वें रोगप्रतिकारक द्रव्यांचें असतें, तेंच उष्णतेनें गोठतें, आणि म्हणून चीक उकडला कीं विरजणावांचून वडी पडते. बारा महिने दुकानांत मिळणाऱ्या वड्यांपैकीं सगळ्याच चिकाच्या असतात असें नाहीं. चायनाग्रास व दुधाची भुकटी घालूनहि तशी वडी पाडतां येते. पण आमचा मुद्दा गिऱ्हाइकाचा नाहीं, वासराचा आहे. वासरूं जन्मतें तेव्हां त्याच्या रक्तांत रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें जवळजवळ नसतात. तीं चिकांतूनच मिळतात, आणि आंतड्यांतून तीं जशींच्या तशीं रक्तांत शिरण्याची मुभा निसर्गानें पहिल्या एका दिवसापुरतीच दिली आहे, त्यांतहि पहिले सहा तास सोन्याचे. वासराच्या वजनाच्या दशमांश, म्हणजे तीस किलोच्या पारड्यास सुमारें तीन किलो चीक पहिल्या दिवशीं दोन-तीन वेळां विभागून पाजावा. शेजाऱ्यांस खरवस वाटण्याची आपली रीत चांगली आहे. ती दुसऱ्या दिवसाच्या चिकावर भागवावी. पहिली धार विकून किंवा वाटून पुढें हगवणीनें वासरूं गमावणें हा कोणत्याहि हिशेबानें तोट्याचा व्यवहार होय.

पनीर आणि चीज हीं दिसावयास भावंडें, पण प्रथिनाच्या बाबतींत त्यांच्या रीति निराळ्या. पनिरासाठीं दूध नव्वद अंशांच्या आसपास तापवितात व थोडें निववून त्यांत लिंबाचें किंवा सायट्रिक आम्लाचें पाणी घालतात. तापविण्यानें निवळीचें प्रथिन केसीनला चिकटलेलें असतें, म्हणून दोन्ही मिळून गोळ्यांत येतात. म्हशीच्या दहा किलो दुधांत आपल्या हिशेबानें ३७० ग्रॅम प्रथिन. त्याचें सुमारें दोन किलो पनीर होतें व त्यांत साडेतीनशेंच्या जवळपास प्रथिन उतरतें. चिजासाठीं उलट दूध फार तापवीत नाहींत; कोमट दुधांत रेनेट घालून तें गोठवितात. रेनेट पूर्वीं वासराच्या जठरांतून काढीत. आतां आपल्या देशांत बहुतेक सूक्ष्म जंतूंपासून करतात, हें शाकाहारी वाचकांनीं जाणून असावें. ह्या रीतींत केसीन तेवढें गोठतें आणि निवळीचें प्रथिन पाण्याबरोबर निघून जातें. चिजाच्या शंभर ग्रॅमांत २४ ग्रॅम प्रथिन असतें हें खरें, कारण त्यांतलें पाणी पुष्कळ काढलेलें असतें. परंतु मूळ दुधांतल्या प्रथिनाचा सुमारें चतुर्थांश भाग मोरींत गेलेला असतो.

मोरींत गेलेला असतो, असें पूर्वीं म्हणतां येत असे. आतां मोठे कारखाने तो जाऊं देत नाहींत. पुणें जिल्ह्यांत मंचर येथें १९९२ सालीं सुरूं झालेला पराग हा दुधाचा कारखाना चीज करतो, आणि निवळीचें प्रथिन सुकवून त्याची भुकटीहि बाजारांत विकतो. निवळी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळली कीं पाणी, साखर व क्षार पलीकडे जातात आणि प्रथिन अलीकडे राहतें. तें वाळवून शेंकडा ८० प्रथिनाची भुकटी होते. गिरगांवच्या दुकानांतले ते मोठाले डबे हेच. व्यायाम करणाऱ्या पोरानें ते घ्यावेत कीं नाहीं हा त्याच्या खिशाचा प्रश्न. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें कीं ज्या पिवळट पाण्याला आपण टाकाऊ म्हणतों, त्यांतल्याच द्रव्याला पेठेंत इतका मान आहे.

आतां शहर सोडून आपल्या माजघरांत येऊं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे दुधाची किंमत तुपांत मोजण्याची रीत आहे. तुपांत प्रथिन शून्य असतें. लोण्यांत शेंकडा एखाद्या ग्रॅमाच्या आंतबाहेर, तेंहि आंत अडकलेल्या ताकामुळें. म्हशीच्या दहा किलो दुधाचें दहीं घुसळून साडेपांचशें ते सहाशें ग्रॅम तूप निघालें, तर त्याच दुधांतलें ३७० ग्रॅम प्रथिन जवळजवळ सर्वच्या सर्व ताकांत राहिलेलें असतें. ३७० ग्रॅम म्हणजे जवळजवळ सात पुरुषांची एका दिवसाची गरज. तूप डब्यांत बंद होऊन बाजारांत गेलें. हें ताक कोठें गेलें? ज्या घरीं माणसें पुष्कळ तेथें तें जेवणांत संपतें. जेथें माणसें थोडीं आणि म्हशी चार, तेथें तें शेजारीं वाटलें जातें, म्हशीच्या आंबोणांत पडतें किंवा उकिरड्यावर ओतलें जातें.

‘ताकांत काय आहे, पाणी तर आहे’ असें म्हणणाऱ्यास कोष्टकाचाहि आधार सांपडतो, कारण छापील कोष्टकांत ताकाचें प्रथिन शेंकडा अवघें ०.८ दिलेलें आहे. पण हा आंकडा ताकाचा नव्हे, पाण्याचा आहे. ३.२ च्या दुधाचें ०.८ चें ताक व्हावयास तें चौपट करावें लागतें. दह्यांत बरोबरीनें पाणी घालून घुसळलेल्या म्हशीच्या ताकांत शेंकडा १.९ च्या सुमारास प्रथिन राहतें, आणि बिनपाण्याच्या मठ्ठ्यांत दुधाइतकें. सबब ताक पौष्टिक आहे कीं नाहीं हें गाईला विचारूं नये, तांब्याला विचारावें.

ताक व भाकरी ह्यांच्या जोडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्वारी-बाजरींत प्रथिन असतें, परंतु त्यांत लायसीन नांवाचा घटक तोकडा असतो, आणि एक घटक तोकडा पडला कीं बाकीच्यांचाहि अंगांत पुरा उपयोग होत नाहीं. दुधाच्या प्रथिनांत नेमका हाच घटक भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर वाटीभर दाट ताक घेतलें तर ताकाचें प्रथिन तर मिळतेंच, शिवाय भाकरीचेंहि अंगीं अधिक लागतें. हें गरिबीचें जेवण नव्हे. ज्या घरचें सगळें दूध पहाटे केंद्रावर जातें आणि पोरांच्या वाट्याला चहांतलें पळीभर उरतें, त्या घराची पासबुकांतील शिल्लक वाढत असली तरी आम्ही त्याला सुखवस्तु म्हणणार नाहीं. दररोजच्या दहा किलोंतला एक किलो घरीं ठेवल्यानें हप्ता बुडत नाहीं. आणि तेवढाहि ठेवणें जड जात असेल तर मलई काढण्याचें यंत्र घेऊन मलई विकावी व खालचें दूध मुलांस द्यावें. त्या खालच्या दुधांत तूप नसलें तरी प्रथिन दुधाइतकेंच, किंबहुना केसभर जास्त असतें. अगदीं तान्ह्या मुलांस मात्र तें देऊं नये. त्यांना स्निग्धांशाची गरज असते.

राहिला भावाचा प्रश्न. दुधाचा भाव स्निग्धांशावर कां ठरूं लागला, ह्याचें कारण शास्त्रीय नसून सोयीचें आहे. १८९० सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें बॅबकॉक ह्यांनीं व १८९२ च्या सुमारास स्वित्झर्लंडांत गर्बर ह्यांनीं आम्ल घालून नळी फिरविण्याची स्वस्त व झटपट परीक्षा काढली. त्या वेळीं दुधाचा व्यापार म्हणजे लोण्याचा व्यापार. जें मोजतां आलें आणि जें विकलें जात होतें त्यालाच भाव मिळाला. प्रथिनाची परीक्षा त्याहि आधीं, १८८३ सालीं, डेन्मार्कांतील केल्डाल ह्यांनीं दिली होती. परंतु तींत कडक गंधकाम्लांत दूध तासन्‌तास उकळावें लागतें आणि निघालेल्या नत्राला ६.३८ नें गुणावें लागतें. गांवच्या केंद्रावर असली भट्टी कोण मांडणार ? शिवाय ती परीक्षा नत्र मोजते, प्रथिन नव्हे. ह्या फटीचा गैरफायदा घेऊन २००८ सालीं चीनमध्यें दुधांत मेलामीन नांवाचें नत्रयुक्त रसायन मिसळण्यांत आलें. सुमारें तीन लाख अर्भकें आजारी पडलीं व सहा दगावलीं. आपल्याकडे युरिया मिसळणारे ह्याच वाटेचे वाटसरू आहेत.

आज परिस्थिति बदलली आहे. अवरक्त किरणांच्या यंत्रानें प्रथिन मिनिटा-दोन मिनिटांत समजतें, आणि नेदर्लंड्स व न्यूझीलंड ह्या देशांत दूध-उत्पादकाला स्निग्धांशाचे व प्रथिनाचे असे दोन्ही दाम मिळतात. महाराष्ट्रांत गाईच्या दुधास ३.५ फॅट व ८.५ एस्. एन्. एफ्. हीच मोजपट्टी आहे. त्या साडेआठांत प्रथिन साधारण ३.२, दुधांतली साखर ४.६ व क्षार ०.७, म्हणजे प्रथिन वाढलें तर त्याचा लाभ अप्रत्यक्ष व अर्धामुर्धाच पदरीं पडतो. कांहीं केंद्रांवरचीं ध्वनिलहरींचीं यंत्रें चिठ्ठीवर प्रथिनाचा आंकडाहि छापतात. परंतु तो बहुधा मोजलेला नसतो, इतर आंकड्यांवरून हिशेबानें बसविलेला असतो, तेव्हां त्यावर कोणी भांडूं नये. संघाच्या वार्षिक सभेंत मात्र विचारावें कीं आपल्या दुधाचें प्रथिन मुख्य दुग्धशाळेंत मोजलें जातें काय, आणि जात असेल तर तो आंकडा सभासदांस कां कळविला जाऊं नये. जी दुग्धशाळा पनीर, चक्का व चीज करते तिचा नफा ह्याच आंकड्यावर अवलंबून असतो, हें लक्षांत असूं द्यावें.

प्रथिनाचा भाव उद्यां मिळूं लागला तर त्यासाठीं गोठ्यांत काय करतां येईल, असें कांहीं वाचक विचारतील. स्निग्धांशाइतकें तें खाद्यानें हलत नाहीं. जातीचा परिणाम मोठा : होल्स्टीन फ्रिजियनचें दूध भरपूर पण पातळ, जर्सीचें थोडें कमी पण प्रथिन जास्त. नुसती शेंगदाण्याची पेंड वाढविली म्हणजे दुधांतलें प्रथिन वाढेल ही समजूत चुकीची आहे; पोटांतल्या जंतूंना पेंडीबरोबर धान्य-चुणीची ताकद मिळाली नाहीं तर तें नत्र युरिया होऊन लघवींत व दुधांत उतरतें आणि पेंडीचा पैसा वाया जातो. मक्याचा हिरवा चारा किंवा मुरघास आणि पेंड ह्यांचा मेळ बसविला पाहिजे.

जे शेतकरी घरीं पनीर किंवा चक्का करून जवळच्या शहरांत देतात, त्यांना बाजारांत एक नवा प्रतिस्पर्धी भेटतो. पाम तेल, भुकटी व पिष्ट ह्यांची बनविलेली पांढरी वडी पनीर म्हणून निम्म्या भावानें विकली जाते. तिच्यावर तशी स्पष्ट चिठ्ठी असली पाहिजे असा नियम आहे, पण हॉटेलांतल्या ताटावर चिठ्ठी कोण लावणार ? वडीचा तुकडा पाण्यांत उकळून, निवल्यावर त्यांत टिंक्चर आयोडिनाचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यांत पिष्ट आहे. रंग न आला म्हणून तें अस्सलच ठरतें असें मात्र नाहीं, तेलाची पारख प्रयोगशाळेंतच होते.

आणि निवळीचें काय करावें ? पनिराच्या दहा किलो दुधामागें सात-आठ किलो निवळी निघते. तिच्यांत प्रथिन थोडें उरलें असलें तरी दुधांतली साखर व क्षार बहुतेक सर्व असतात. ती ओढ्यांत सोडूं नये. ती कुजतांना पाण्यांतला प्राणवायु ओढून घेते आणि मासे मरतात. ताजी निवळी भाकरीचें पीठ मळण्यास, डाळ शिजविण्यास, कढीस वापरावी. कालची आंबलेली निवळी आजचें दूध फाडण्यास लिंबाऐवजीं चालते आणि तेवढें सायट्रिक आम्ल वांचतें. उरलेली दुभत्या जनावरांच्या आंबोणांत घालावी. पहिल्या दिवशीं एक-दोन लिटरच, मग हळूहळू वाढवावी, आणि जनावरास पातळ शेण होऊं लागलें तर दोन दिवस थांबवावी. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत ती ठेवूं नये.